तीन महिने साधी कैद आणि पाचपैकी चार चांदण्या

लोक हॉटेलला, पार्लरला, साडीच्या दुकानाला चांदण्या देतात. मी एका फौजदारी वकिलांच्या ऑफिसला देतेय. नाव मात्र लिहिणार नाही. मी विचारलं होतं, "साहेब, तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का?" तर म्हणाले, "लिहा, पण नाव नको, पत्ता नको. आम्हाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे." मग लिहून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. उपयोग आहे. तुमचा वकील कुठलाही असो, त्याच्याकडून काय काय मागून घ्यायचं ते तरी कळेल.

माझं काम एकच होतं, शिक्षेला स्थगिती मिळवणं.

इचलकरंजीत आमचे आठ साधे माग. फर्म माझ्या नावावर, धंदा ह्यांचा. आमच्या गल्लीत निम्म्या बायका अशाच प्रोप्रायटर आहेत. सुताच्या व्यापाऱ्याकडे तारण म्हणून माझ्या सहीचा कोरा चेक ठेवलेला. २०२० साली लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, बाकी थकली, आणि व्यापाऱ्यानं चेकवर ३,६०,००० चा आकडा घालून तो बँकेत भरला. परत आला. वकिलाची नोटीस आली. पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. तेव्हा हे म्हणाले, "बघू." त्या 'बघू'त चार वर्षं तारखा खाल्ल्या.

पहिले वकील वेगळे होते. त्यांचं वाक्य ठरलेलं: "चेकच्या केसमध्ये कोण आत जात नाही ओ वैनी." कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही लिहिलंय, हे मला चार वर्षांत त्यांच्याकडून कळलं नाही. निकालाची तारीख जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही कोर्टात येऊच नका, मी गैरहजेरीचा अर्ज देतो." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. शिकलेली फार नाही मी, पण निकालाला येऊ नका म्हणणारा माणूस मला बरा वाटेना. जाऊबाईंच्या माहेरच्या ओळखीतून हे दुसरे वकील मिळाले.

ऑफिस पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी रसवंती. जिना अरुंद, कठडा नाही. वर तीन खुर्च्या, एक बाक, आणि छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले कागद. पहिल्या दिवशी त्यांनी माझी फाईल घेतली आणि अर्धा-पाऊण तास एक शब्द बोलले नाहीत. मध्ये फक्त चहा सांगितला. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, हरायची शक्यता जास्त आहे. सही तुमची, नोटीशीला उत्तर नाही, तारणाचा चेक होता याला कागद नाही. आपण आता शिक्षा झाली तर काय करायचं त्याची तयारी करू."

मला राग आला. फी द्यायला आले आणि हा माणूस हरायच्या गोष्टी करतोय. पण पुढचं वाक्य ऐकून बसले. म्हणाले, "फी सांगायच्या आधी एक सांगतो. बाई म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. हवं तर तिकडं अर्ज करा, मी लिहून देतो." स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा पत्ता देऊन पाठवणारा दुकानदार मी आजवर बघितला नव्हता. तिथंच पहिली चांदणी दिली. फी ठरली १५,०००. त्यात निकालाच्या दिवसाचा अर्ज आणि वरच्या कोर्टातलं अपील दोन्ही. कागदावर लिहून दिली, पावतीही दिली.

आता निकालाचा दिवस. जुलै २०२५, मंगळवार, पाऊस धो धो. वकिलांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलेलं: जामीनदार सोबत आणा, त्याचं आधार, फोटो, सातबारा, आणि रोख थोडी जास्त ठेवा. माझे धाकटे दीर जामीनदार राहायला तयार झाले. निकाल तीनला होता, पुकारा झाला पावणेपाचला. न्यायाधीशांनी दोन मिनिटांत सांगितलं: दोषी, तीन महिने साधी कैद, पाच लाख नुकसानभरपाई, ती न दिल्यास आणखी एक महिना. मला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. बाजूला उभी असलेली पोलीस बाई जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तिथं बसा." तेवढ्यावर अर्थ लागला. साडेपाचला कोर्ट उठतं. तोवर जामीन झाला नाही तर रात्र कळंब्याच्या तुरुंगात.

वकिलांनी अर्ज आधीच टाईप करून आणलेला होता, फक्त शिक्षेच्या जागा मोकळ्या. त्या पेननं भरल्या आणि पुढं दिला. कायद्यात याची सोय आहे हे मला नंतर कळलं. आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल, तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच कोर्टाला सांगायचं, आम्हाला अपील करायचंय. मग नाकारायला काही खास कारण नसेल तर तेच कोर्ट अपील करण्यापुरत्या मुदतीचा जामीन देतं, आणि त्या मुदतीत शिक्षा स्थगित आहे असं धरलं जातं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८९ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४३० झालं. आकडा बदलला तरी कोर्टाच्या व्हरांड्यात अजून सगळे 'तीनशे एकोणनव्वद'च म्हणतात.

आणि तिथं घोळ झाला. भाऊजींनी आणलेला सातबारा मागच्या वर्षीचा. कारकुनानं बाजूला सारला, चालू उतारा पाहिजे. पाच वाजून दहा मिनिटं झालेली. तलाठी कुठला मिळतोय! वकिलांची ज्युनिअर, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, तिनं भाऊजींना गट नंबर विचारला, मोबाईलवर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला आणि पावसात पळत खाली झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी माझी सही झाली. मी त्या मुलीला साडी घेतली दिवाळीत. ती नको नको म्हणत होती.

निघताना वकिलांनी अजून एक गोष्ट केली. निकालाच्या नकलेसाठी बाहेर एकजण "आठ दिवस लागतील, पैसे पडतील" म्हणत होता. वकील म्हणाले, कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते, कायद्यातच आहे. आणि ती हातात पडल्याशिवाय हलले नाहीत. अपिलाला तीस दिवस असतात, त्यातले आठ नकलेत घालवायचे नसतात, असं त्यांचं म्हणणं.

घरी आले तर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "माफ झाली न्हवं?"

इथं या ऑफिसची खरी सेवा सुरू होते. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. सुटले म्हणून. वकिलांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही सुटला नाहीत. मागावर बीम चढवलेलं आहे, फक्त बटण बंद आहे. बीम उतरवलेलं नाही." बीम म्हणजे मागावर चढवतात तो सुताचा रूळ. त्यांचे वडील जॉबर, म्हणजे मागाचे मिस्त्री, होते म्हणे. मला आयुष्यात कायदा एवढा चटकन कधी कळला नव्हता. बटण कोण चालू करणार, कधी करणार, ते वरच्या कोर्टाच्या हातात. शिक्षा तेवढीच आहे, तीन महिने, एक दिवस कमी नाही. मी विचारलं, मग हे बाहेरचे दिवस? म्हणाले, ते शिक्षेत धरत नाहीत. अपील दोन वर्षं चाललं आणि हरलो, तर दोन वर्षांनी पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात.

मग थांबवायचंच कशाला, असं मी विचारलं. थोडी चिडूनच. त्यावर ते म्हणाले, तीन महिन्यांची शिक्षा आणि अपील ऐकायला लागणार दोन-तीन वर्षं. आधी आत जाऊन आलात आणि मग कोर्टानं निर्दोष ठरवलं, तर ते तीन महिने तुम्हाला कोण परत देणार? थोड्या, ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपील दाखल झालं असेल तर स्थगितीचा विचार सढळ हातानं करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ सालीच सांगितलंय. जन्मठेपेला हा हात सढळ नसतो. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात तर जामिनाआधी सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

आणखी एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष. बायका विचारणार. म्हटलं, शिक्षा थांबलीय म्हणजे मी दोषी नाही ना आता? म्हणाले, "दोषी आहात. शिक्षा थांबणं वेगळं आणि दोषी ठरवण्याला स्थगिती वेगळी." आणि राहुल गांधींचं उदाहरण दिलं. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टानं त्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी अपिलासाठी तीस दिवस ती स्थगितही केली. म्हणजे माझ्यासारखंच. ते घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. कारण खासदारकी दोषी ठरण्यावर आणि किती शिक्षा झाली त्यावर जाते, तुरुंगात आहात की बाहेर त्यावर नाही. पुढं ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरवण्यालाच स्थगिती दिली, तेव्हा ७ ऑगस्टला खासदारकी परत मिळाली. टीव्हीवर हे सगळं मी बघितलेलं होतं. तेव्हा मला वाटलेलं, सगळं राजकारण. कुठली स्थगिती कशाची, हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. वकील म्हणाले, "दोषसिद्धीला स्थगिती फार क्वचित मिळते. आपण ती मागणार नाही. तुम्हाला खासदार व्हायचं नाही." बचत गटाच्या बायकांना मी जे आहे ते सांगितलं. अध्यक्षपद त्यांनी माझ्याकडेच ठेवलं, हिशेबाची वही मात्र आता दोघींकडे असते. बरोबरच आहे.

या ऑफिसात वाट बघत बसणं हासुद्धा एक क्लासच आहे. माझ्या शेजारी बाकावर शिरोळकडचे एक काका बसायचे, भावाला जन्मठेप झालेले. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "ह्या खेपेला स्थगिती मिळाली चौदा दिवसांची." वकील दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगायचे, ती स्थगिती नाही काका, ती रजा. कैद्याला तुरुंग प्रशासनाकडून मिळते ती. एक संचित रजा, जिला फर्लो म्हणतात, आणि दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. त्यासाठी महाराष्ट्रात वेगळे नियम आहेत. चांगल्या वागणुकीवर मिळणाऱ्या संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात. आजारपण, मयत अशा अडचणीसाठी मिळणाऱ्या पॅरोलचे धरत नाहीत. गोव्यातल्या कैद्यांनी पॅरोलचे दिवसही धरा म्हणून भांडून बघितलं, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. सरकारलाही शिक्षा थांबवायचा किंवा कमी करायचा अधिकार आहे, राज्यपालांना आहे, राष्ट्रपतींना आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत त्याला 'शिक्षादेश निलंबित करणे' म्हणतात. निलंबित म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तलाठीच येतो, काय करणार. काकांना हे पटायचं नाही. भाऊ घरी आला म्हणजे स्थगिती, एवढंच त्यांचं गणित. मला त्यांचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, माझी शिक्षा छोटी आहे याचं बरंही वाटायचं.

अपील बाविसाव्या दिवशी दाखल झालं, सत्र न्यायालयात. सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज, कारण खालच्या कोर्टाची स्थगिती अपिलापुरतीच पुरणार होती. अर्ज त्याच दिवशी ऐकला. आदेश असा: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी स्थगित, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, आणि नुकसानभरपाईच्या २० टक्के रक्कम साठ दिवसांत कोर्टात जमा करायची.

हे २० टक्के कुणी आधी सांगत नाही. २०१८ साली चेकच्या कायद्यात १४८ कलम आलं. त्याप्रमाणे चेकच्या केसमध्ये शिक्षा झालेल्यानं अपील केलं, की वरचं कोर्ट त्याला निदान एवढी रक्कम भरायला सांगू शकतं. साठ दिवस, फार तर आणखी तीस. पाच लाखांचे २० टक्के म्हणजे एक लाख. मी अडून बसले. कुणीतरी सांगितलेलं, यातून सूट मिळते म्हणून. वकील म्हणाले, मिळते, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अपवादात्मक परिस्थिती असेल तर कोर्ट सूट देऊ शकतं. "पण ज्याचे आठ माग चालू आहेत त्यानं पैसे नाहीत म्हणून अर्ज करू नये. न्यायाधीश इचलकरंजीचेच सूत नेसतात." मग मी पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि बावन्नाव्या दिवशी पैसे भरले. हा पैसा कोर्ट अपील चालू असतानाच व्यापाऱ्याला काढून देऊ शकतं, हे कळल्यावर ह्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. जिंकलो तर व्याजासकट परत मिळतील, हे सांगितल्यावर जेवले.

आता पाचवी चांदणी का नाही.

ऑफिसातले कारकून फोन उचलत नाहीत. उचलला तर "साहेब कोर्टात हायत" एवढंच. ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, त्याच्या पुढचा-मागचा आठवडा सगळे वकील हवेत होते. ऑफिसात पेढे, फटाके, सत्कार. आनंद मलाही झाला. उद्या सत्र न्यायालयात हरलो तर मुंबईला एसटीनं जायला नको, कोल्हापूर अर्ध्या-पाऊण तासावर. पण त्या गडबडीत माझी सप्टेंबरची तारीख चार दिवस अलीकडे आली आणि कारकुनानं मला कळवलंच नाही. मुलानं माझ्या मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप घालून दिलेलं, त्यात सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की केस दिसते. रात्री साडेदहाला सहज बघितलं तर तारीख उद्याची. मी नसते गेले तर वॉरंट निघालं असतं, आणि जामिनाची अट मोडली म्हणून बंद बटण पुन्हा चालू व्हायची वेळ आली असती. सकाळी साडेनऊला जिन्यात वकिलांना गाठलं. त्यांनी कारकुनाची बाजू घेतली नाही, स्वतः चुकलं म्हणाले. कारकून मात्र अजून माझ्याकडे बघत नाही. एक चांदणी त्याची कापली.

अर्धी चांदणी जिन्यासाठीही कापायची होती, पण ते घरमालकाचं काम.

अपील अजून चालू आहे. व्यापाऱ्याशी तडजोडीचं बोलणं लावलंय, चेकच्या केसमध्ये अपिलातही आपसात मिटवता येतं. वकिलांनीच व्यापाऱ्याच्या वकिलाला फोन करून सुरुवात केली. मिटलं तर त्यांचं पुढचं काम जाईल, तरी केली. पुढची तारीख मी खडूनं मागाच्या स्विचबोर्डाच्या वर लिहून ठेवलीय, आणि ॲप रोज बघते.

जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा, सकाळी कुणी भेटत नाही. निकालाची प्रत, जामिनाच्या पावत्या आणि जामीनदाराचा ताजा सातबारा एका पिशवीत ठेवा. सोबत म्हातारं माणूस असेल तर त्याला जिना चढवू नका, खाली रसवंतीत बसवा. रस पण चांगला आहे, आलं घालून देतात.